कलिंगड कापून दाखवा: फुटबॉल रेफरीची नजर व्हिडिओतून कशी घडते

११ जुलै २०१०. जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी स्टेडियमवर विश्वचषकाची अंतिम लढत, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स. सामना सुरू होऊन अजून अर्धा तासही झालेला नाही. हवेतल्या चेंडूसाठी नेदरलँड्सचा नायजेल डी याँग पाय उंच करून झेपावतो आणि त्याच्या बुटाचे स्टड स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बसतात. टीव्हीसमोरच्या प्रत्येकाने ते पाहिलं, तेही चार-पाच वेळा आणि वेगवेगळ्या बाजूंनी. मैदानावरचे इंग्लंडचे रेफरी हॉवर्ड वेब यांनी पिवळं कार्ड दाखवलं. नंतर चित्रीकरण पाहून त्यांनीच मान्य केलं, की ते लाल कार्ड, म्हणजे थेट मैदानाबाहेर काढण्याचं, होतं. त्या क्षणी त्यांची नजर अडली होती, लाथ पूर्ण दिसलीच नव्हती.

वेब कच्चे रेफरी नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात चॅम्पियन्स लीगची अंतिम लढतही त्यांनीच सांभाळली होती. मग इतका मुरलेला माणूस चुकतो तेव्हा आपण काय म्हणतो? "आंधळा आहे का?" किंवा "पैसे खाल्ले." या दोन वाक्यांपलीकडे आपली चर्चा सहसा जात नाही. मी स्वतः शाळा-कॉलेजच्या सामन्यांना बरीच वर्षं शिट्टी वाजवली आहे, ही दोन्ही वाक्यं अनेकदा ऐकली आहेत, आणि म्हणून मला तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: रेफरी शिकतो कुठे?

आधी कामाचा आवाका बघू. बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठाचे वर्नर हेल्सन हे रेफरींच्या अभ्यासातलं मोठं नाव. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० सालच्या युरो स्पर्धेतले सामने तपासले. एका सामन्यात रेफरी सरासरी १३७ निर्णय घेतो असं त्यांना दिसलं. हे फक्त बाहेरून दिसणारे, म्हणजे शिट्टी वाजली, हात दाखवला, कार्ड काढलं असे. "हे सोडून देऊ" हाही निर्णयच असतो, तो यात पूर्णपणे मोजता येत नाही. शिवाय या सामन्यांत रेफरीच्या हृदयाचे ठोके सरासरी कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांवर होते. जिना धावत चढून वर पोचल्या पोचल्या कुणीतरी अवघड प्रश्न विचारावा आणि उत्तर एका सेकंदात द्यायचं असावं, असं दीड तास चालतं.

आता शिकण्याचं बोलू. बाजारात कलिंगडवाला कलिंगडावर टिचकी मारतो, कान लावतो आणि सांगतो, "हे घ्या, लालभडक निघेल." हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. टिचकी मारली, अंदाज बांधला, सुरी चालवली आणि आतला रंग लगेच दिसला, असं त्याच्या हातून हजारो वेळा झालेलं असतं. अंदाज चुकला तर त्याच क्षणी कळतं. आवाज आणि रंग यांची गाठ त्याच्या डोक्यात आपोआप बसत जाते. कोणता आवाज चांगला, हे त्याला शब्दांत नीट सांगताही येणार नाही.

रेफरी आयुष्यभर टिचक्या मारतो, पण त्याचं कलिंगड कुणी कापत नाही.

तो फाउल देतो आणि खेळ पुढे जातो. निर्णय बरोबर होता की चूक, हे त्याला कोण सांगणार? ज्याच्या विरुद्ध दिला तो खेळाडू हात पसरतो, ज्याच्या बाजूने दिला तो गप्प राहतो. निर्णय बरोबर असो वा चूक, हे दृश्य तेच असतं. प्रशिक्षक ओरडतो, प्रेक्षक ओरडतात, पण त्यांचं ओरडणं खऱ्या-खोट्यावर ठरत नाही, जर्सीच्या रंगावर ठरतं. म्हणजे उत्तर मिळत नाही, किंवा मिळतं ते भेसळीचं. रॉबिन होगार्थ या मानसशास्त्रज्ञाने अनुभवातून शिकण्याच्या परिस्थितींचे दोन प्रकार मांडले आहेत. एक दयाळू, जिथे उत्तर लगेच आणि खरं मिळतं. दुसरी दुष्ट, जिथे ते उशिरा, अर्धवट किंवा चुकीचं मिळतं. कलिंगडवाल्याची परिस्थिती दयाळू, रेफरीची दुष्ट. दुष्ट परिस्थितीत वर्षं घालवली की माणसाचा आत्मविश्वास वाढतो, अचूकपणा वाढेलच असं नाही. मला हे फार गंभीर वाटतं. आपल्याकडे "सर सिनियर आहेत" एवढ्यावर विषय संपतो, आणि सिनियर सरांना मात्र त्यांचा कोणता निर्णय चुकला होता हे कुणी कधी दाखवलेलंच नसतं.

व्हिडिओ प्रशिक्षण म्हणजे कलिंगड कापून दाखवणं. मूळ कल्पना एवढीच आहे.

जर्मनीतल्या जेफ्री श्वायत्सर, हेनिंग प्लेसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना पद्धतशीर मांडली. त्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं असं, की टॅकल, म्हणजे समोरच्याकडून चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न, फाउल आहे की नाही हे रेफरी नियम आठवून, पायरी-पायरीने ठरवत नाही. तेवढा वेळच नसतो. तो एका नजरेत ठरवतो. टॅकल करणाऱ्याचा वेग, त्याचा कोन, आधी चेंडूला लागलं की घोट्याला, पडणारा कसा पडला, अशा बऱ्याच खुणा मिळून एक निर्णय होतो. मग सराव त्या नजरेचा व्हायला हवा. त्यांनी रेफरींना खऱ्या सामन्यांतले तुकडे दाखवले. टॅकल झाला की चित्र थांबतं, लगेच निर्णय द्यायचा, आणि लगेच बरोबर उत्तर कळतं. पुढचा तुकडा. पुन्हा निर्णय, पुन्हा उत्तर. लांबलचक चर्चा नाही. असा सराव मिळालेल्यांचे निर्णय सुधारले. यात "लगेच" हा शब्द कळीचा आहे. रविवारी दिलेल्या निर्णयाचं उत्तर पुढच्या शनिवारी बैठकीत मिळालं, तर डोळ्याने जे टिपलं होतं ते तोवर पुसलेलं असतं. आठवतो तो फक्त वाद.

या पद्धतीत तुकड्यांची निवड फार काळजीने करावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो. प्रशिक्षण देणारा उत्साहाने वीस भयंकर टॅकल गोळा करतो. बघणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या तुकड्यापासून कळतं, की इथे फाउल असणारच, फक्त कार्डाचा रंग सांगायचा आहे. मैदानावर मात्र बरेचसे टॅकल स्वच्छ असतात. फक्त फाउलच दाखवले तर आपण शिट्टी वाजवायला शिकवतो, न वाजवायला शिकवत नाही. कलिंगडवाल्यालाही सगळी पिकलेलीच कलिंगडं दिली असती तर त्याला काही कळलं नसतं, कच्चंही कापून बघावं लागतं. संचात स्वच्छ टॅकल हवेत, नाटक करून पडणारे हवेत, आणि खेळाडू जोरात कोसळला तरी फाउल नाही, असेही हवेत.

दुसरा घोळ उत्तराचा. बरोबर उत्तर ठरवतं कोण? सहसा अनुभवी रेफरींचं आणि प्रशिक्षकांचं मंडळ. ते तुकडा हवा तितक्या वेळा बघतात आणि एकमत झालं की उत्तर पक्कं होतं. काही तुकड्यांवर या मंडळाचंही एकमत होत नाही. नजरेच्या सरावात असे तुकडे नकोत, कारण जिथे जाणकारांनाच खात्री नाही तिथे नवख्याला "चूक" म्हणणं अन्याय आहे. पण चर्चेसाठी तेच तुकडे सोन्यासारखे. नियम कुठे संपतो आणि रेफरीचा विवेक कुठे सुरू होतो, ते तिथेच दिसतं.

आता नजर नेमकी कुठे जाते ते पाहू. लूवेनमध्येच योखिम स्पिट्झ आणि हेल्सन यांच्या गटाने रेफरींच्या डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र लावून त्यांना फाउलचे तुकडे दाखवले. वरच्या दर्जाच्या रेफरींचे ६१ टक्के निर्णय बरोबर आले, त्यांच्या एक पायरी खालच्यांचे ४५ टक्के. दोघांनी बघितलं एकच चित्र. फरक असा, की वरच्या दर्जाचे रेफरी जिथे प्रत्यक्ष टक्कर होते त्या जागेवर जास्त वेळ नजर ठेवत होते. इतरांची नजर जास्त भटकत होती. ६१ हा आकडा वाचून कुणी नाक मुरडू नये. उत्तर एकदाच, खऱ्या वेगात बघून द्यायचं होतं.

हे जवळून बघायचं तर एक टॅकल घेऊ. विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा खेळाडू, चेंडू घेऊन साइडलाइनजवळून पळतो आहे. फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, उजवीकडून घसरत येतो. आपण प्रेक्षक काय बघतो? चेंडू, आणि मग पडलेला माणूस. शिकलेला रेफरी टक्कर व्हायच्या आधीच फुलबॅककडे बघायला लागलेला असतो. किती लांबून धावत आला? शेवटच्या दोन पावलांत वेग कमी केला की वाढवला? घसरताना गुडघा वाकलेला आहे, की पाय काठीसारखा सरळ? सरळ पायाला मागे घ्यायला जागा नसते. बुटाचा तळ जमिनीकडे आहे, की समोरच्याच्या नडगीकडे? आणि विंगरचा तो पाय जमिनीवर रोवलेला आहे की हवेत? रोवलेल्या पायावर आघात झाला तर घोट्याला वाट नसते. हे सगळं अर्ध्या सेकंदात. यावरूनच नियमांतल्या तीन पायऱ्या ठरतात. निष्काळजीपणा असेल तर नुसता फाउल. समोरच्याला होणाऱ्या धोक्याची पर्वा न केलेली असेल तर पिवळं कार्ड. गरजेपेक्षा जास्त जोर लावून समोरच्याच्या शरीराला धोका निर्माण केला असेल तर लाल. नियमाचं वाक्य पाठ करायला पाच मिनिटं लागतात, ही तीन रूपं डोळ्याला ओळखू यायला शेकडो टॅकल बघावे लागतात.

आमच्या छोट्या गटात आम्ही असा सराव करतो. एका वर्गखोलीत सात-आठ जण, एक लॅपटॉप, प्रत्येकाच्या हातात कागद. तुकडा एकदाच लावायचा, खऱ्या वेगात. टक्कर झाल्यावर पडदा काळा. पाच सेकंदांत कागदावर लिहायचं: फाउल आहे का, खेळ पुन्हा कशाने सुरू होणार, कार्ड कोणतं. आधी लिहायचं, मग बोलायचं. सुरुवातीला आम्ही तोंडी उत्तरं घ्यायचो, तेव्हा सगळ्यात ज्येष्ठ माणूस जे बोलेल त्यावर बाकीचे माना डोलवायचे. कागद आल्यापासून हे थांबलं. आणि कागदावर "दिसलं नाही" लिहायची मोकळीक ठेवली आहे. सगळ्यात जास्त शिकायला त्याच उत्तराने मिळतं, त्याकडे पुढे येतो.

तुम्ही म्हणाल, मग स्लो मोशनमध्येच का नाही दाखवत, सगळं स्पष्ट दिसेल. इथे एक सापळा आहे. स्पिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच युरोपीय देशांतल्या ८८ वरच्या दर्जाच्या रेफरींना फाउलचे तुकडे दाखवले, काहींना खऱ्या वेगात आणि काहींना संथ गतीत. फाउल आहे की नाही, यात जवळजवळ फरक पडला नाही: संथ गतीत ६३ टक्के बरोबर, खऱ्या वेगात ६१. पण शिक्षा बदलली. संथ गतीत बघणाऱ्यांनी जास्त कडक कार्डं दिली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यायालयात दाखवल्या जाणाऱ्या चित्रफितींबद्दल असंच काही दाखवलं होतं: कृती संथ गतीत पाहिली की ती मुद्दाम केल्यासारखी वाटते. कारण समजायला सोपं आहे. संथ चित्रात खेळाडूला विचार करायला दोन-तीन सेकंद मिळालेले दिसतात. "पाय मागे घ्यायला एवढा वेळ होता, तरी घेतला नाही!" असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याच्याकडे तो वेळ नव्हताच.

सामना चालू असताना चित्रफीत बघून रेफरीला मदत करणाऱ्या व्हिडिओ असिस्टंट रेफरीच्या, म्हणजे व्हीएआरच्या नियमांतही हा भेद स्पष्ट केलेला आहे. स्पर्श कुठे झाला, फाउल पेनल्टी बॉक्सच्या आत की बाहेर, अशा वस्तुस्थितीसाठी संथ गती चालते. टॅकल किती जोराचा होता आणि हॅन्डबॉल द्यायचा की नाही, हे मात्र साध्या वेगात बघून ठरवायचं. सरावातही हाच क्रम हवा. आधी खऱ्या वेगात निर्णय, मग स्पर्शाची जागा दाखवायला एकदा संथ, आणि शेवटी पुन्हा एकदा खऱ्या वेगात. ही शेवटची फेरी बरेच जण गाळतात. माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची, कारण डोळ्यात शेवटी जे चित्र राहायचं ते मैदानावर दिसणारं राहिलं पाहिजे.

असिस्टंट रेफरीचं, ज्यांना आपण सवयीने लाइनमन म्हणतो त्यांचं, दुखणं वेगळं आहे. २००२ च्या विश्वचषकातले ऑफसाइडचे, म्हणजे पास सुटताना हल्ला करणारा शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे होता का याचे, प्रसंग हेल्सन यांच्या गटाने तपासले तेव्हा २६.२ टक्के निर्णय चुकीचे निघाले. म्हणजे चारातला एक. यामागे आळस किंवा पक्षपात शोधायची गरज नाही, आपले डोळे आणि मेंदू ज्या पद्धतीने चालतात त्यातच याची कारणं सापडतात.

पहिलं कारण उभं राहण्याच्या जागेचं. राउल औदेयान्स आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी २००० मध्ये ते दाखवून दिलं. लाइनमनने शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोब्बर रेषेत राहायचं असतं. तो गोललाइनच्या दिशेने मीटरभर जरी पुढे सरकला, तरी त्याची नजर तिरकी होते. मग पलीकडच्या बाजूचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करायला पुढे असलेला खेळाडू, बचावपटूच्या रेषेत असूनही पुढे गेल्यासारखा दिसतो, आणि अलीकडच्या बाजूचा पुढे असूनही रेषेत दिसतो. दाराच्या चौकटीतून एक डोळा मिटून बाहेरच्या दोन झाडांकडे बघा, अर्धं पाऊल सरकलं तरी पुढचं-मागचं बदलतं.

दुसरं कारण मेंदूचं. हलणारी वस्तू एखाद्या क्षणी नेमकी कुठे होती असं विचारलं, तर आपल्याला ती होती त्याहून थोडी पुढे आठवते. पास सुटला त्या क्षणाचं चित्र लाइनमनला मनात गोठवायचं असतं, पण धावणारा स्ट्रायकर त्या चित्रात पुढे सरकलेला असतो. किती फरक पडतो याचं साधं गणित करू. स्ट्रायकर सेकंदाला ८ मीटर वेगाने गोलकडे धावतोय, बचावफळी ४ मीटर वेगाने उलट्या दिशेने बाहेर येतेय. दोघांमधलं अंतर सेकंदाला १२ मीटरने बदलतंय. लाइनमनच्या मनातलं चित्र सेकंदाचा दहावा भाग जरी पुढचं असलं, तरी चूक १ मीटर २० सेंटिमीटरची. टीव्हीवर एवढी चूक म्हणजे "शेंबड्या पोरालाही दिसेल" अशी.

हे सरावाने सुधारतं का? लूवेनच्या गटाने असिस्टंट रेफरींना संगणकावरची हलती चित्रं आणि व्हिडिओ दाखवून सराव दिला. पास सुटला त्या क्षणी कोण कुठे होतं हे निवडायचं, उत्तर लगेच. आपली आठवण नेहमी पुढच्या बाजूला घसरते, हे माणसाला शंभरदा दिसलं की तो ती घसरण हिशेबात धरायला शिकतो. अशा सरावाने निर्णय सुधारल्याचं त्यांना आढळलं. २००६ च्या विश्वचषकात ऑफसाइडच्या चुका १० टक्क्यांवर आल्या होत्या. याचं सगळं श्रेय व्हिडिओला देणं मात्र बरोबर होणार नाही. मधल्या काळात ऑफसाइडचा खेळात सहभाग कधी धरायचा याचा अर्थ नियमात स्पष्ट झाला होता, आणि झेंडा वर करण्याआधी थोडं थांबून पाहा, असं लाइनमनना सांगितलं गेलं होतं. चांगला सराव आणि चांगला नियम एकत्र आले की असं होतं.

आवाजाचं काय? इंग्लंडमधल्या ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. प्रीमियर लीगच्या सामन्यातले ४७ टॅकल त्यांनी ४० रेफरींना दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. आवाजासह बघणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. तेच टॅकल, तेच नियम. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ समोरासमोर आले की उसळणारा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथे शिट्टी तोंडात धरून उभ्या असलेल्या माणसाबद्दल मला नेहमी मनापासून आदर वाटतो. सरावाला यातून दोन गोष्टी मिळतात. नवख्यांना आधी आवाज बंद करून शिकवा, म्हणजे डोळ्याला खुणा ओळखता येतील. नंतर तेच तुकडे आवाज पूर्ण वाढवून दाखवा. निर्णय बदलला, तर कशामुळे बदलला हे त्या रेफरीला स्वतःच्या कागदावर दिसतं. समालोचन मात्र दोन्ही वेळा बंद हवं, कारण समालोचक उत्तर आधीच सांगून टाकतो.

व्हिडिओच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर हे औषध सगळ्या रोगांवर चालतं असं वाटेल. टीव्हीचा कॅमेरा स्टँडमध्ये उंचावर असतो. तिथून दिसणारा खेळ नकाशासारखा उलगडलेला असतो. रेफरीला मात्र जमिनीवरून, बावीस माणसांच्या पायांच्या जंगलातून बघायचं असतं. खुर्चीवर बसून, चहा पिऊन दिलेलं उत्तर आणि दहा किलोमीटर धावल्यावर दिलेलं उत्तर यांतही अंतर असतं. म्हणून काही प्रशिक्षक आधी मैदानावर जोरात धावायला लावतात आणि धाप लागलेली असतानाच तुकडा दाखवतात. कॅमेऱ्याच्या उंचीवरही आता उपाय सापडतो आहे. २०२४ मध्ये जर्मनीच्या बुंडेसलीगा आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये रेफरीच्या अंगावर कॅमेरा लावून एकेक सामना चित्रित झाला, आणि २०२५ च्या क्लब विश्वचषकात रेफरीच्या कानाजवळचा कॅमेरा प्रेक्षकांनाही दिसला. प्रक्षेपणासाठी ती गंमत असेल, पण प्रशिक्षणासाठी तो खजिना आहे. रेफरीला त्या क्षणी काय दिसलं आणि काय झाकलं गेलं, हे आता त्याच्याच उंचीवरून बघता येतं.

मोठ्या फुटबॉलमध्ये हे सगळं नेमाने चालतं. युरोपच्या फुटबॉल संघटनेने, म्हणजे युएफाने, स्वित्झर्लंडमधल्या न्यॉनला २०१० मध्ये तरुण रेफरींसाठी खास केंद्र सुरू केलं, तिथे तंदुरुस्तीबरोबर व्हिडिओवरही काम होतं. हॉवर्ड वेब यांच्याकडे २०२२ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या व्यावसायिक रेफरींची सूत्रं आली, आणि आता ते रेफरींचे निर्णय टीव्हीवर जाहीरपणे, चित्रफिती लावून समजावतात, चुकलेले निर्णयसुद्धा. जोहान्सबर्गचा भार वाहिलेल्या माणसाने हे करावं, याला माझ्या लेखी मोठं मोल आहे.

आपल्याकडे परिस्थिती काय? २०२४-२५ च्या मोसमापर्यंत इंडियन सुपर लीगमध्येही व्हीएआर नव्हतं. जिल्हा पातळीवर तर एका सामन्याला पूर्ण तीन जण मिळाले तरी नशीब. पण नेमक्या याच कारणाने आपल्याला सराव जास्त लागतो. जिथे मागे वळून बघायला पडदा नाही, तिथे पहिल्या नजरेवरच सगळं अवलंबून. आणि हा सराव महाग नाही. व्हीएआरला कॅमेरे, वायरी, खोली, माणसं लागतात. सरावाला लागतो एक मोबाइल आणि तो धरून उभा राहणारा एखादा मित्र, मैदानाच्या मध्यरेषेच्या टोकाला, गॅलरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर. सामना संपल्यावर त्याच संध्याकाळी सहा प्रसंग काढायचे, त्यातले किमान दोन असे जिथे निर्णय बरोबर होता. बरोबर निर्णयाचं कलिंगडही कापून दाखवावं लागतं, नाहीतर मनुष्य फक्त घाबरायला शिकतो. तुकडे गटाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, ही शिस्त मात्र कडक हवी. एखाद्या पोराची चूक व्हॉट्सॲपवर फिरली, तर तो पुढच्या आठवड्यात शिट्टी घेऊन येणार नाही.

आता त्या "दिसलं नाही" या उत्तराकडे येतो. आमच्या गटात कॉलेजमध्ये शिकणारी एक मुलगी आहे, लाइनवर दोन वर्षं काम केल्यावर नुकती मधोमध उभी राहायला लागलेली. तिच्याच एका सामन्याचा तुकडा होता. बॉक्सच्या कोपऱ्यावर दोघे भिडले, स्ट्रायकर पडला, तिने खेळ चालू ठेवला आणि त्यावरून बरंच ऐकून घेतलं. तुकडा लागला, सगळ्यांनी कागदावर लिहिलं. बाकीच्यांनी फाउल, पेनल्टी, असं काहीबाही. तिच्या कागदावर तीनच शब्द होते: "मला दिसलं नाही." आम्ही चित्र टकरीच्या चार सेकंद आधी नेलं. ती चेंडूच्या थेट मागे होती, आणि तिच्या व त्या दोघांच्या मध्ये तिसऱ्या खेळाडूची पाठ. विचारलं, कुठे असतीस तर दिसलं असतं? तिने पडद्यावर बोट ठेवलं, डावीकडे, साधारण पाच पावलं. तिथे जायला वेळ होता का? चित्र पुन्हा मागे नेलं. पास सुटायच्या आधीच विंगरने मान वर करून बॉक्सकडे पाहिलं होतं. म्हणजे वेळ होता.

पुढच्या रविवारी मी तिच्या सामन्याला साइडलाइनवर उभा होतो. दुसऱ्या हाफमध्ये चेंडू विंगवर गेला, विंगरने मान वर केली, आणि चेंडू सुटायच्या आत ती डावीकडे पळायला लागलेली होती.